आपल्या इथं काय पाण्याला तोटा होता?

(सामुदायिक रेडिओ केंद्रावर महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



दुपारची वेळ आहे. जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घातली असतील. कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी जरा पाठ टेकली असेल. आज मी तुमच्याशी दळणाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, दळणात बोलण्यासारखं काय आहे? सकाळी डबा गिरणीत टाकायचा, संध्याकाळी घेऊन यायचा. खरं आहे. पण डबा टाकून मोकळं होण्याआधीचा काळ आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिलाय.

माझी आई आता ऐंशीच्या पुढं आहे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावी आली. घरात अकरा माणसं. पहाटे कोंबडं आरवायच्या आत ती आणि माझी चुलती जात्यावर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात, एका हातानं घास टाकायचा, दुसऱ्या हातानं ओढायचं. रोजचं दीड-दोन तास दळण, आणि मग पाणी, शेण, चूल, शेत. आईचा उजवा खांदा अजून पावसाळ्यात धरतो. ती त्याला ‘जात्याचा खांदा’ म्हणते.

जात्यावर ओव्या व्हायच्या हे आपण कौतुकानं सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. फार मोठं काम आहे ते. पण आईला विचारलं, तर ती म्हणते, “गानं गोड व्हतं गं, दळान गोड नव्हतं.”

काही वर्षांमागं आमच्या बचत गटाच्या बायका अभ्यास सहलीसाठी उत्तराखंडात गेलो होतो. गढवालचा भाग. खाली खोल दरीत नदी, वर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. तिथं पायवाटेनं उतरताना ओढ्याच्या काठाला दगडाची एक बुटकी खोली दिसली. आतून घर्र घर्र आवाज येत होता. अगदी आपल्या जात्याचा आवाज. पण सारखा एका लयीत, मध्ये दम न घेता. आम्ही वाकून आत गेलो. जातं फिरत होतं, पीठ पडत होतं, आणि जात्यापाशी कोणीच नव्हतं! ज्यांचं ते होतं त्या बाई बाहेर उन्हात बसून स्वेटर विणत होत्या. आम्हाला बघून हसल्या आणि म्हणाल्या, “या दीदी, बसा. घराट आहे हे.”

घराट म्हणजे पाणचक्की. गढवालात आणि हिमाचलात घराट म्हणतात, कुमाऊंत घट म्हणतात, नेपाळात घट्ट. हिमालयात इकडून तिकडपर्यंत अशा पाणचक्क्या आहेत.

ती चालते कशी ते सांगते, कारण आमच्या गटातल्या बायकांनी अर्धा दिवस तिथंच घालवला. ओढ्याला थोडं वरच्या अंगाला दगड आणि मातीच्या ढेकळांनी बांध घालतात आणि पाणी एका पाटानं वळवून आणतात. त्या पाटाला तिकडं गूल म्हणतात. पाट चक्कीच्या मागं उंचावर येतो. तिथून पोखरलेल्या लाकडी ओंडक्याची पन्हळ तिरकी खाली सोडलेली असते. पन्हळ वर रुंद, खाली अरुंद, त्यामुळे पाणी नेम धरल्यासारखं जोरात सुटतं. चक्कीच्या खोलीखाली एक आडवं चाक असतं. चित्रात पाणचक्कीचं उभं, मोठं चाक दाखवतात, तसं नाही. आपला भोवरा उभा फिरतो ना, तसं हे मधल्या लाकडी दांड्याभोवती फिरतं. दांड्याला चारी बाजूंनी तिरप्या फळ्या बसवलेल्या असतात. पाणी त्या फळ्यांवर आदळलं की दांडा फिरतो.

हा दांडा वर खालच्या दगडाच्या भोकातून बाहेर येतो आणि वरच्या दगडाला लोखंडी पट्टीनं धरतो. आपल्या जात्याला माकणी असते, तशीच ती. खालचा दगड जागेवर स्थिर, वरचा फिरतो. मध्ये दात नाहीत, पट्टा नाही. चाक एकदा फिरलं की दगड एकदा फिरतो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती दाणे टाकायच्या सोयीची. छताला एक निमुळती टोपली टांगलेली असते, तिच्यात धान्य. टोपलीच्या तोंडाला एक लाकडी काठी बांधलेली, तिचं दुसरं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं. दगड फिरला की काठी थरथरते, टोपली हलते, आणि चिमूटभर दाणे मधल्या भोकात पडतात. दगड जोरात फिरला की दाणे जास्त, हळू फिरला की कमी. घास टाकायला बाईच लागत नाही! पीठ जाड हवं की बारीक, त्यासाठी एक दांडी वर-खाली करायची, म्हणजे दोन दगडांमधलं अंतर बदलतं. चक्की थांबवायची तर पन्हळीचं पाणी बाजूला वळवायचं.

अशी जुन्या पद्धतीची घराट तासाला पाच ते दहा किलो दळते. आपल्या विजेच्या गिरणीपुढं हे काहीच नाही. पण रात्रंदिवस चालते, डिझेल लागत नाही, बिल येत नाही. दगड सावकाश फिरतो म्हणून पीठ तापत नाही. हातात घेतलं तर गार लागतं. आणि दळणाचे पैसेही पूर्वी घेत नसत. पिठातलाच थोडा वाटा घराटवाल्याचा. ज्याच्या घरी धान्य आहे, त्याला पैसा नसला तरी दळण मिळायचं.

त्या दिवशी तिथं काय दळलं जात होतं माहितेय? मंडुआ. मी मूठभर हातात घेतला आणि ओरडलेच, अगं, ही तर आपली नाचणी!

मी हे सगळं फोनवर चित्रित करून आणलं आणि घरी आल्यावर आईला दाखवलं. तिनं डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितलं. म्हणाली, “आनि दळनारी बाय कुटं हाय?” मी म्हटलं, “आये, बाई नाहीच. पाणी दळतंय.” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आपल्या हितं काय पान्याला तोटा व्हता?”

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. आमच्या डोंगरात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. मग आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं का दळलं? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. जे वाचलं, विचारलं, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

पाण्यावर दळायची युक्ती नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ती ग्रीस-रोमच्या मुलखात माहीत होती. अँटिपेटर नावाच्या एका ग्रीक कवीनं तेव्हा एक छोटी कविता लिहिली. पाणचक्कीबद्दलच्या सगळ्यात जुन्या लिखाणात ती मोजतात. आणि ती कोणाला उद्देशून आहे? दळणाऱ्या बायकांना! पहाट झाली तरी आता निवांत झोपा, तुमचं काम जलदेवतांनी अंगावर घेतलंय, अशा अर्थाची. म्हणजे पाणचक्की आली तेव्हा कवीला पहिली आठवण झाली ती पहाटे उठणाऱ्या बाईची.

पण युक्ती माहीत असूनही ती तिकडं सगळीकडे पसरायला फार काळ लागला. त्याचं कारण काही इतिहासकार असं देतात, की श्रीमंतांच्या घरी दळायला गुलाम होते. फुकटचे हात असताना पाट कोण खणणार? सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, काहींच्या मते पाणचक्क्या लवकरच पसरल्या होत्या. पण मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली पहाट आठवली. आमच्याकडे गुलाम नव्हते. सुना होत्या.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. चक्की आली म्हणजे सगळं भलंच झालं असं नाही, ती कोणाची आहे हेही बघावं लागतं. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजानं जमीनजुमल्याची मोठी मोजणी करवली, तिच्यात सहा हजारांच्या आसपास गिरण्यांची नोंद आहे. त्या बहुतेक जमीनदारांच्या आणि मठांच्या. रयतेनं तिथंच दळायचं आणि मोबदला द्यायचा, अशी सक्ती असायची. सेंट ऑल्बन्स नावाच्या गावात लोक घरच्या जात्यावर दळून तो मोबदला वाचवायचे. १३३० च्या सुमाराला तिथल्या मठाधिपतीनं लोकांची जाती जप्त केली आणि मठातल्या एका दालनाच्या जमिनीत फरशीसारखी बसवून टाकली. पन्नास वर्षं लोक ते विसरले नाहीत. १३८१ साली शेतकऱ्यांचं बंड झालं, तेव्हा लोक मठात शिरले, ती जाती उखडून काढली, त्यांचे तुकडे केले आणि आठवण म्हणून घरोघरी नेले.

विचार करा. ज्या जात्यानं खांदे मोडले, त्याच जात्यासाठी लोक भांडले. कारण ते जातं त्यांचं होतं, आणि गिरणी त्यांची नव्हती.

हिमालयातली घराट त्या मानानं वेगळी. ती एका घराची किंवा चार घरांची मिळून असते. गावचा सुतार चाक करतो, दगडाला टाकी गावातच लागते, फळी तुटली तर जंगलातलं लाकूड आणून बसवतात. पाणी शेतीला कधी आणि घराटीला कधी, हे गाव आपसात ठरवायचं. चक्कीतून खाली आलेलं पाणी वाया जात नाही, ते पुढं शेताला जातं.

पुढं इंग्रज सरकारनं १९१७ मध्ये कुमाऊंसाठी पाण्याचे नियम केले आणि ओढ्या-नद्यांच्या पाण्यावर सरकारचा हक्क सांगितला. स्वातंत्र्यानंतर १९७५ च्या कायद्यानं तिथल्या गावांचे पाण्यावरचे परंपरेचे हक्क आणखी मागं पडले. मग रस्ते आले, डिझेलची चक्की आली, वीज आली, रेशनचं धान्य आलं. तरणी माणसं नोकरीसाठी खाली मैदानात गेली. गूल साफ करायला हात उरले नाहीत. काही ठिकाणी ओढ्याचं पाणी वीज प्रकल्पांच्या बोगद्यात वळलं. काही ठिकाणी झरेच आटले. २०१८ मध्ये नीती आयोगानं हिमालयातल्या झऱ्यांवर अहवाल काढला, त्यात जवळजवळ निम्मे झरे आटल्याचं किंवा हंगामी झाल्याचं म्हटलंय. झरा आटला की घराट थांबते.

घराट थांबली की धान्याचं ओझं पाठीवर घेऊन चढण चढून रस्त्याकाठच्या चक्कीपर्यंत बाईच जाते. त्या विणकाम करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, शेजारच्या ओढ्यावरची घराट बंद पडल्यापासून तिकडच्या बायका दीड तास चालून इथं येतात. आणि मंडुआ कमी झालाय, कारण रस्त्यावरचा चक्कीवाला तो दळायला कुरकुरतो.

घराटीसाठी झटणारी माणसंही आहेत. डेहराडूनजवळच्या ‘हेस्को’ या संस्थेनं, डॉ. अनिल प्रकाश जोशी यांच्या पुढाकारानं, जुन्या घराटी सुधारायचं काम हाती घेतलं. लाकडी चाकाच्या जागी खोलगट पात्यांचं लोखंडी चाक, खाली बॉल बेअरिंग. तेवढ्यानं दळण दुप्पट-तिप्पट होतं. त्याच चाकावर भात कांडता येतो, तेल गाळता येतं, चार दिवे लावण्यापुरती वीजही करता येते. नेपाळमध्येही २००३ पासून अशा सुधारलेल्या घट्टांचा मोठा कार्यक्रम झाला आणि ते काम करणाऱ्या संस्थेला २००७ मध्ये ‘अ‍ॅशडेन’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. आपल्या इथं काय पाण्याला तोटा होता?

थोडा होता, हे मान्य केलं पाहिजे. हिमालयातल्या ओढ्यांना बर्फाचं आणि झऱ्यांचं पाणी, ते बारा महिने वाहतात. आपले ओढे पावसाळ्यात अंगावर येतात आणि होळीला कोरडे पडतात. चार महिने पूर आणि उन्हाळ्यात गोटे, अशा ओढ्यावर चक्की टिकवणं अवघड.

अवघड, पण अशक्य नव्हतं. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की तुमच्यातल्या कितीतरी जणींनी सहलीत पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर या सुफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकात त्या शहराला नहरींनी पाणी आणलं होतं. पुढं या चक्कीसाठीही कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलं. ते उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर दगड फिरत असे. तिथं यात्रेकरू, फकीर, विद्यार्थी जेवायचे, त्यांच्यासाठी ते दळण होतं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात, कमी पावसाच्या मुलखात, पाण्यानं दळलं. कारण शेकडो माणसांना जेवू घालायचं होतं आणि तिथं सत्ता होती, पैसा होता, पाणी जाणणारे कारागीर होते.

आमच्या गावात यातलं काही नव्हतं. आणि खरं सांगू? गरजही कोणाला वाटली नाही. पीठ रोज सकाळी तयार असायचं. ते कसं तयार होतं, हे कोणी उठून बघत नव्हतं. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निसर्गात आहे आणि अर्धं आपल्या घरात आहे.

शेवटी आमच्या गावातही पाण्यानंच दळलं, पण फार लांबच्या वाटेनं. कोयनेला धरण झालं, अनेक गावं पाण्याखाली गेली. धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे पोफळीला उतरतं आणि डोंगराच्या पोटात टर्बाइन फिरवतं. १९६२ पासून तिथं वीज होऊ लागली. आज सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. उंचावरून पाणी सोडायचं, ते पात्यांवर आदळवायचं, दांडा फिरवायचा. युक्ती तीच, घराटीचीच. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला आमच्या गावात वीज आली आणि पाठोपाठ विजेची गिरणी. आईनं जातं भिंतीला टेकवलं. ती सांगते, पहिल्या दिवशी पहाटे जाग आली, आणि करायचं काय ते सुचेना म्हणून ती तशीच अंथरुणात पडून राहिली. त्या ग्रीक कवीनं सांगितलेली झोप माझ्या आईला दोन हजार वर्षांनी मिळाली.

म्हणून मी कोणालाही जात्याकडे परत चला असं म्हणणार नाही. गिरणीनं आपले खांदे वाचवले. पण आता गिरणीचं काय चाललंय बघा. वीज गेली की डबे तिथंच. आमच्या गावात एकच गिरणी, तिचे मालक थकलेत, मुलं पुण्याला. पुढच्या वर्षी बंद करतो म्हणतात. मग तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात डबा घेऊन कोण जाणार? आणि नाचणीचं दळण तिथं नको म्हणतात, पुढच्या गव्हाचं पीठ काळं पडतं म्हणून. नाचणी दळून मिळाली नाही की लोक ती खायचं सोडतात, मग पेरायचं सोडतात. बाळंतिणीच्या आंबिलीतली, पोरांच्या भाकरीतली नाचणी अशीच जाते. गढवालात मी तेच पाहून आले होते.

तर आमच्या गटानं ठरवलंय, ती गिरणी आपण चालवायला घ्यायची. अठरा जणी आहोत. दोघी मशीन शिकतायत, दगडाला टाकी लावायलाही शिकणार आहेत. आठवड्यातला एक दिवस फक्त नाचणी आणि वरईचा. ज्या म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांच्याकडून रोख नको, पिठातला वाटा घ्यायचा. ही रीत आम्ही त्या घराटवाल्या बाईंकडून घेतली. पैशाचा मेळ बसेल का, काही जणींना शंका आहे. मलाही आहे. हिशेब रोज लिहायचा आणि सहा महिन्यांनी सगळ्यांपुढं मांडायचा, असं ठरलंय.

तुमच्या गावात गिरणी कोणाची आहे, कोणतं धान्य दळायला नकार मिळतो, डबा घेऊन कोण जातं, हे जरा बघा. घरात कोणी जात्यावर दळलेली असेल तर तिला विचारा, रोज किती दळायची, किती वाजता उठायची. हे तिला बहुधा कोणी कधी विचारलेलं नसतं. आणि आपल्या केंद्रावर येऊन सांगा.

मी गिरणीचा विचार आईला सांगितला. ती म्हणाली, “घ्या. पन पोरींनो, रातचं दळान ठिवू नका. झोपा जरा.”